ब्रेकवरचा ठोकळा

४ जून

प्रिय मामा,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मला ओरडून बोलता येत नाही, कारण भिंतीपलीकडे आई असते. म्हणून हे पत्र. उत्तर घरी पाठवू नकोस, पाकिटावर ऑफिसचा पत्ता आणि फोन आहे, तिथे पाठव.

मी गाडी शिकतेय.

हौस म्हणून नाही. पाणी तपासणी खात्यात मला दीड वर्ष झालं. इतके दिवस मी प्रयोगशाळेत बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. आता मला फिरतीचं काम देणार आहेत. आठ पंपघरं आणि चार टाक्या, तिथे जाऊन नमुने भरायचे आणि बर्फाच्या पेटीत घालून ठरल्या वेळेत परत आणायचे. बसने ते व्हायचं नाही. गाडी खात्याची मिळेल, पण परवाना चार महिन्यांत हवा. नाही मिळाला तर ती जागा दुसऱ्या कुणाला.

डोकं चालतं, हात चालतात, अडलंय ते पायांपाशी. चार फूट आठ इंच उंची तुला माहीतच आहे. शिकवणाऱ्या सरांनी सीट पुढे ओढून शेवटच्या खाचेत अडकवली. एक उशी खाली दिली, एक पाठीमागे. खालच्या उशीने मी वर जाते तर पाय पोचत नाहीत, उशी काढली तर रस्ता दिसत नाही. मागच्या उशीने स्टिअरिंग बरगड्यांत रुततं. वळणावर उशी घसरते आणि तिच्याबरोबर मी. काल सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्टिअरिंगच्या वरून बघताय की मधून?" तासाभराने उतरते तेव्हा मांडीला पेटके आलेले असतात आणि मान एका बाजूला धरलेली असते.

आईला कळता कामा नये. मी दोन वर्षांची होते तेव्हा झालेलं सगळं तू डोळ्यांनी पाहिलंयस. त्या उतारावरच्या वळणाला तिचा पाय ब्रेकपर्यंत पोचला नाही, गाडी शिंप्याच्या दुकानात घुसली आणि त्या शिंपी मास्तरांचा उजवा हात कायमचा अधू झाला. तेव्हापासून तिने बालवर्गावर शिकवणं सोडलं आणि मास्तरांच्या दुकानात मशीनवर बसली. ते डाव्या हाताने कापतात, ती शिवते. सव्वीस वर्षं, बरोबर दहाच्या ठोक्याला. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, "माणसाने उंची बघून हौस करावी." ती मान खाली घालायची. आता मी त्याच सीटवर बसते म्हटलं तर तिचा घास उतरायचा नाही.

तू जन्मभर गाड्यांखाली झोपलायस. मला फक्त बसायचं कसं ते सांग.

तुझी,
टाचणी


१२ जून

चि. टाचणीस मामाच्या तेलकट हातांचा आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. गॅरेज दुसऱ्याला दिल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. सकाळी दोन तास तिथे जाऊन बसतो, पोरांच्या चुका काढतो, आणि ती मान डोलावतात. मला ऐकू येत नाही म्हणून काय बोलतात ते कळत नाही. बरंच आहे.

आधी ती मागची उशी काढून टाक. शिकवणारे गाडी शिकवतात, बसायला कुणी शिकवत नाही. सीट पायांच्या हिशेबाने लावायची. टाच जमिनीला टेकव, डाव्या पायाने क्लच पार खाली दाब. तेव्हा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, ताठ झाला की मांडी भरून येणारच. मग पाठ. खुर्चीत बसतेस तशी सरळ, सीटला चिकटून. आता हात पुढे कर. खांदे न सुटता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं तर ठीक. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात सव्वा वीत तरी मोकळी हवी, हे विसरू नकोस. स्टिअरिंगखाली एक खटका असतो, त्याने ते खाली येतं. काही गाड्यांत सीटच्या बाजूला दांडी असते, तिने सीट वर होते. तुमच्या गाडीत आहे का बघ. चप्पल नको, पातळ तळव्याचा बूट घाल. सगळ्यात शेवटी आरसे, कारण सीट हलली की आरसे खोटं बोलतात.

ताईला सांगू नकोस हेच बरं. जुनं उकरून कुणाचं भलं झालंय?

आणि एक. उंचीचा आणि गाडीचा काही संबंध नसतो. हे मी सांगतो म्हणून लक्षात ठेव.

मामा


२७ जून

प्रिय मामा,

मागची उशी गेली आणि मान सुटली. आरशांचंही तू म्हणालास तसंच झालं. पण सरांची गाडी जुनी आहे. स्टिअरिंगचा खटका गंजलाय, सीटला दांडीच नाही. क्लच दाबायला मला अजून टोकावर सरकावं लागतं आणि ब्रेकवर नुसती बोटं पोचतात. सरांची दुसरी गाडी नवी आहे, पण तिच्यावर मोठी रांग.

मग मी मास्तरांना सांगितलं. आई बटणं आणायला गेली होती. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी खडू कानामागे ठेवला आणि म्हणाले, "मामाला सांग ठोकळे करून दे म्हणून. तुझ्या आईला दिले होते ना. दोन बोटं जाडीचे लाकडी, पेडलवर बोल्टने बसवलेले. महिनाभर काय ऐटीत चालवायची. रोज इथून जाताना हॉर्न द्यायची."

मामा, हे मला कुणीच कधी सांगितलं नाही. आई ऐटीत काही करते हे मी पाहिलेलंच नाही.

तर मलाही तसे ठोकळे करून पाठव. सरांकडून पेडलचं माप घेतलंय, मागच्या बाजूला काढलंय बघ. किंवा कसे करायचे ते लिही, इथे सुतार आहे.

टाचणी


१९ जुलै

प्रिय मामा,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? की पत्र मिळालंच नाही?

मी थांबू शकत नाही, पहिली परीक्षा ८ ऑगस्टला आहे. सुताराकडून ठोकळे करून घेतले. साधं काम होतं, त्याने चहा पितापिता केले. सर आधी नको म्हणत होते, मग म्हणाले आणा, शनिवारी बसवू. बोल्ट त्यांच्याकडे आहेत.

बरा असशील तर चार ओळी टाक.

टाचणी


२४ जुलै

मामा,

हे काय होतं?

शुक्रवारी साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला आणि तू इतक्या मोठ्याने बोललास की ते लांब धरून बसले. मी फोन घेतला, "मामा, मी बोलतेय," म्हणत राहिले. तुला काही ऐकू येत नव्हतं. तू आपला म्हणत होतास, "ठोकळे लावू नकोस. लावले असतील तर काढ. मी मामा बोलतोय." तीनदा. मग फोन ठेवून दिलास. सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं. एकाने विचारलं, "घरी कुणी गेलं का?"

शनिवारी मी बसवून घेतले नाहीत. तू जन्मात कधी फोन करत नाहीस, तो केलास, म्हणून. पण आता कारण सांग. आईला चालले ते मला का चालणार नाहीत?

टाचणी


२९ जुलै

चि. टाचणी,

आईला ते चालले नाहीत.

तुझं जूनमधलं पत्र मिळालं होतं. तू मागे काढलेलं पेडलचं चित्र बघत मी तीन आठवडे बसलो. दुसऱ्या पत्रात सुताराचं वाचलं आणि हातातला कप खाली ठेवून फोनकडे धावलो.

आता सांगतो ते नीट वाच. तेव्हा गॅरेज उघडून मला सहा महिने झाले होते. ताईची गाडी मीच जुनी घेऊन दुरुस्त करून दिली होती. पायांना पेडल पुरेना म्हणून ठोकळे केले. प्रत्येकाला दोन बोल्ट. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी ती दाखवायला आली, म्हणाली ब्रेकवरचा जरा डुगडुगतो. बघितलं तर एका बोल्टच्या आट्या गेलेल्या. त्या मापाचा बोल्ट माझ्याकडे नव्हता, आणि हार्डवेअरचं दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. मी तो काढून खिशात टाकला, दुसरा घट्ट केला आणि म्हणालो, "उद्या दुपारी नवा बसवतो. तोवर बिनधास्त जा." सकाळी नवा बोल्ट विकत घेऊनच मी गॅरेज उघडायला निघालो होतो.

ती वळणावर ब्रेक दाबायला गेली आणि ठोकळा एका बोल्टभोवती फिरला. पाय घसरला. माझं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे होतं, आवाज ऐकून धावत आलो. लोक मास्तरांना शटरच्या चौकटीतून सोडवत होते. ताई रस्त्यावर बसली होती. गाडीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी दार उघडून खाली वाकलो, ठोकळा उलटा लटकत होता. नवा बोल्ट खिशात होता, पाना पाठच्या खिशात. मी तो बसवला. तीन मिनिटं लागली. मास्तर ओरडत होते तेव्हा मी नट आवळत होतो.

पंचनाम्यात ठोकळा घट्ट निघाला.

दवाखान्याच्या बाकावर ताईने मला विचारलं, "ठोकळा हलला का रे? माझ्या पायाखाली काहीतरी फिरल्यासारखं वाटलं." मी म्हणालो, "नाही ताई, जागेवर आहे. तुझाच पाय पोचला नसेल."

गॅरेजवर दोन माणसं कामाला ठेवली होती. खरं बाहेर पडलं असतं तर एक गाडी आली नसती. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण मला अजून सापडलेलं नाही.

लाकूड लावू नकोस. सीट वर होणाऱ्या गाडीची रांग कितीही मोठी असू दे, तीच घे.

मामा


१० ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र मिळालं. ठोकळे मी सुताराला परत दिले.

परवाची परीक्षा नापास झाले. नव्या गाडीचा नंबर लागला होता, सीट वर येते, टाच टेकते, सगळं तुम्ही सांगितल्यासारखं. उतारावर ब्रेक दाबला, गाडी थांबली. परीक्षक म्हणाले, "चला पुढे." मी खाली वाकून पेडल बघत बसले. ते म्हणाले, "काही पडलं का?"

आई घरात स्टुलावर चढत नाही हे तुम्हाला माहीत आहे का? बल्ब गेला तर शेजारच्यांना बोलावते. "माझा पाय विश्वासाचा नाही," म्हणते. मला वाटायचं तिला चक्कर येत असेल. ती बसमध्ये माझ्या शेजारी बसते आणि थांबा आला की उजवा पाय खाली दाबते, दरवेळी. मी लहानपणी हसायचे. बाबा उंचीवरून बोलायचे तेव्हा तुम्ही समोर जेवायला बसलेले असायचात. मला आठवतंय, तुम्ही ताटात बघायचात.

आता मी रोज तिच्यासमोर बसून जेवते आणि ताटात बघते. तुमचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत.

तिला सांगा. मी सांगणार नाही.

टाचणी


२० ऑगस्ट

चि. टाचणी,

तू मला 'तुम्ही' म्हणायला लागलीस. ठीक आहे.

चार वेळा कागद घेऊन बसलो. 'ती. ताईस' एवढं लिहितो आणि पुढे हात जात नाही. तू तिच्याजवळ असतेस, तिचा कल बघून, एखाद्या बऱ्या दिवशी, हळूच सांगू शकशील. मी लिहिलं तर ते तिच्या अंगावर धाडकन पडेल. तिचं वय झालंय, माझंही. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी म्हणून एवढं कर.

मामा


२५ ऑगस्ट

मामा,

नाही.

घराचा पत्ता बदललेला नाही. पंधरा दिवस वाट बघते.

टाचणी


१४ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानं आहेत. खरी गोष्ट पहिल्या पानावर अकरा ओळींत संपते. उरलेल्या तीन पानांत तुला किती त्रास झाला ते आहे. तीही वाचली. वाचताना भाजी करपली.

मी तुला विचारलं होतं. पायाखाली काहीतरी फिरलं, असं स्पष्ट विचारलं होतं. तू नाही म्हणालास आणि मी ऐकलं, कारण गाड्यांतलं तुला कळत होतं. त्यानंतर मी माझ्या पायाला काही विचारणंच सोडून दिलं.

शाळेच्या मोठ्या बाईंनी मला दोनदा बोलावणं धाडलं होतं. मी निरोप पाठवला की लहान मुलांत माझ्यासारखीने नसावं. मुलांना मी उचलून घ्यायचे ना, म्हणून. पडले असते तर. तू तेव्हा म्हणालास, "ताई, बरं केलंस, तुला आराम मिळेल."

पत्रात तू लिहितोस की लिहिताना रडू आलं. आई गेल्यावर तुझं रडणं थांबवायचं काम माझ्याकडे होतं. ते मी आता करत नाही.

मास्तरांना मी सांगणार नाही, पोरीलाही सांगू देणार नाही. ते तू सांगायचं, त्यांच्या तोंडावर. येत्या रविवारी दुकान बंद असतं, अकरा वाजता ये. आम्ही दोघी तिथे असू. घरी येऊ नकोस, जेवायला मी वाढणार नाही.

पोरगी गाडी शिकते हे मला तुझ्या पत्रातून कळलं. घरात राहून ते मला दिसलं नाही, याचंही मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, ती उशी आण बघू. गुळगुळीत कापडाची, आत कापूस. घसरणार नाही तर काय. शिकवणाऱ्यांच्या नव्या गाडीपाशी जाऊन मी माप घेतलं आणि कडक फोमची गादी शिवून दिली. मागे उंच, पुढे उतरती, म्हणजे मांडीखाली टोचत नाही. खालून जाड कॅनव्हास, आणि सीटला मागून आवळायला दोन पट्टे. टाके मी तीनदा ओढून पाहिले. माप बाहेर उभी राहून घेतलं. सीटवर बसले नाही.

ताई


२४ सप्टेंबर

चि. टाचणी,

घरी पोचलो. प्रवासात बसायला जागा मिळाली.

काय सांगू, डोक्यावरचं ओझं उतरलं. दुकानाचं शटर अर्धं उघडं बघून पाय मागे फिरत होते, तूच पुढे झालीस म्हणून आत आलो. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, तू साक्षीला होतीस. ताई भिंतीकडे बघत होती, ते मला समजतं. पण मास्तर मोठ्या मनाचा माणूस. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठले, माझ्या खांद्यावर तो अधू हात ठेवला आणि सावकाश काहीतरी बोलले. शब्द नीट ऐकू आले नाहीत, पण भाव कळला. दारापर्यंत पोचवायलाही आले. माणसाने माणसाला माफ करावं ते असं.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला शांत झोप लागली. ताईचा रागही निवेल. तिला सांग, नालायक का असेना, भाऊ आहे. आणि परीक्षेचं कळव.

मामा


६ ऑक्टोबर

मामा,

तुमचं पत्र आल्यापासून विचार करत होते की हे लिहावं की नाही. तुमची झोप मोडायची नव्हती. पण न सांगितल्याने काय होतं ते मी या वर्षी पाहिलंय.

मास्तरांनी तुम्हाला माफ केलं नाही. ते तुमच्याशी बोलतच नव्हते, आईशी बोलत होते. ते म्हणाले, "याला बाहेर सोडून येतो, बाई. हात गेला ते मी केव्हाच गिळलं. पण वाईट दिवस आला की मी तुम्हाला टोचून बोलायचो. तुमच्यामुळे, तुमच्यामुळे म्हणायचो. तुम्ही निमूट शिवत राहायचात. ती सगळी बोलणी मी आता कुठे नेऊन ठेवू?" आणि खांद्यावर हात ठेवला तो तुम्हाला दाराकडे वळवायला. तुम्ही मान डोलावत होतात. जाताना हसलात. आईने ते पाहिलं.

मला त्याच क्षणी कळलं होतं की तुम्हाला ऐकू आलेलं नाही. मी बोलले नाही. तेवढी चूक माझी.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले आणि आई घरातच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी आता तिकडे कशासाठी जायचं?" थोड्या वेळाने म्हणाली, "मला मशीनवर बसायला आवडतं की नाही, हेही मला माहीत नाही. कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही." दहा दिवस ती अशी होती. भांडी घासायची, खिडकीत बसायची, तुमचं पत्र डब्यातून काढायची, परत ठेवायची. एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले तर ती स्वयंपाकघरात स्टुलाशेजारी उभी होती. स्टुलावर हात होता. चढली होती का, हे मी विचारलं नाही.

अकराव्या दिवशी मास्तर आले. तीन जिने चढून, डाव्या हातावर कापलेल्या कापडांची चवड. आत यायला तयार होईनात.

"साठ सदरे कापून पडलेत," म्हणाले.

आई म्हणाली, "दुसरी बाई बघा."

"बघितली. कॉलर बसवता येत नाही तिला."

"मग शिकवा."

"मला शिकवायला येत नाही. तुम्हालाही मी शिकवलं नव्हतं, तुम्ही उसवून उसवून शिकलात." मग जिन्याकडे बघत म्हणाले, "बाई, मी जे बोलायचो ते..."

"ते मला पाठ आहे," आई म्हणाली. "पुन्हा नको."

"बरं."

"आले तर दहाला येणार नाही."

"मग कितीला?"

"येईन तेव्हा येईन."

मास्तरांनी कापडं उंबऱ्याच्या आत ठेवली आणि गेले.

परीक्षा ३० तारखेला झाली. पास झाले. गादीचा पट्टा आईने मला स्वतः ओढून बघायला लावला होता. टाच टेकली, गुडघा वाकलेला राहिला, मनगट बरोबर कडेवर आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला माझ्या अंगाची आठवण न होता रस्ता दिसला. उतारावर थांबले आणि निघाले. फिरतीचं काम सोमवारपासून. हे तुमच्या पहिल्या पत्रामुळे झालं, ते मी नाकारत नाही. उंचीचा आणि गाडीचा संबंध नसतो हे तुम्ही मला बारा जूनला लिहिलंत. तेच वाक्य आईला सव्वीस वर्षांपूर्वी सांगितलं असतंत तर ती आज शाळेतून निवृत्त झाली असती.

आईचा राग निवेल असं तुम्ही लिहिलंत. तसं काही दिसत नाही. तुम्ही दिलेला निरोप मी तिला सांगितला नाही. तुमच्याबद्दल तिने एकदाच विचारलं, "त्याला कानाचं यंत्र कुणी करून दिलं नाही का?" मी नाही म्हटलं. "करून घे म्हणावं," ती म्हणाली. "मला त्याला बोलायचंय, आणि तो हसत मान डोलावेल असं नको." कधी बोलायचंय ते तिने सांगितलं नाही. तुम्ही यायची घाई करू नका.

सदरे घेऊन ती परवा दुकानात गेली. काल गेली नाही. आज सकाळी अकरा वाजून गेले तरी चहाचा कप घेऊन बसली होती. मी म्हटलं, "आई, उशीर होतोय."

"होऊ दे," म्हणाली, आणि दुसऱ्या कपासाठी आधण ठेवलं.

टाचणी